तुम्ही इंद्रवदन नाही, साहिल आहात

"मॅडम, मला विनोद कळत नाही का?"

समुपदेशनासाठी येणाऱ्या बायका हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कोणी म्हणते, घरचे सगळे हसतात, मलाच लागतं. कोणी म्हणते, मी फार मनाला लावून घेते असं सगळ्यांचं म्हणणं आहे, यावर काही करता येईल का? पुरुषही विचारतात, पण हसत हसत, आणि उत्तर यायच्या आत विषय बदलतात. प्रश्न विचारणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य केलेली असते: थट्टा करणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, आपणच हळवे आहोत, तेव्हा आपल्यालाच जरा दुरुस्त करून घ्यावं.

अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावं आणि तपशील बदलले आहेत, एकसारख्या दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र केले आहेत.

ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. तो ठाण्यात जन्मलेला, वाढलेला. नोकरीच्या ठिकाणी ओळख झाली, प्रेमविवाह झाला, लग्नाला चार वर्षं झालेली. सासू-सासरे आणि दीर यांच्यासोबत राहतात. व्यसन नाही, मारहाण नाही, पैशांवरून कटकट नाही. पहिल्या भेटीत ती एकटीच आली होती आणि बराच वेळ मुद्द्यावर येईना. शेवटी म्हणाली, "सांगितलं तर तुम्हाला हसायलाच येईल. नवरा मला मोनिशा म्हणतो."

मोनिशा कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही मालिका २००४मध्ये स्टार वन वाहिनीवर सुरू झाली. लेखन आतिश कपाडिया यांचं, दिग्दर्शन देवेन भोजानी यांचं. मुंबईत कफ परेडला राहणारं एक श्रीमंत गुजराती कुटुंब. सासू माया, म्हणजे रत्ना पाठक शाह: उच्चभ्रू, इंग्रजाळलेली, प्रत्येक गोष्टीत अभिरुची शोधणारी. सासरे इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह: उतारवयातलं खोडकर पोर. मोठा मुलगा साहिल, म्हणजे सुमीत राघवन. धाकटा रोसेश, म्हणजे राजेश कुमार, जो नाटकांतून कामं करतो आणि भयंकर कविता ऐकवतो. आणि साहिलची बायको, रूपाली गांगुलीची मोनिशा: मध्यमवर्गीय घरातून आलेली, पसारा घालणारी, सवलतीत काही मिळालं की आनंदाने नाचणारी. तिचं मूळ नाव मनीषा. ते मायाला फारच सामान्य वाटलं म्हणून तिने त्याचं मोनिशा केलं. लग्नात सुनेचं नाव बदलून तांदळात लिहायची पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे मराठी घरांत हा विनोद जरा जास्तच जवळून कळतो.

पहिल्यांदा लागली तेव्हा या मालिकेला प्रेक्षक बेताचेच मिळाले. त्या काळात 'क्योंकि सास भी कभी बहू थी'सारख्या मालिकांचं राज्य होतं. पुढे पुनःप्रक्षेपणांतून आणि मोबाइलवरच्या तुकड्यांतून ती घराघरांत पोचली. २०१७मध्ये हॉटस्टारवर तिचा दुसरा सीझन आला. ऑक्टोबर २०२५मध्ये सतीश शाह गेले तेव्हा लोकांनी पुन्हा तेच तुकडे काढून पाहिले. ज्यांनी एकही भाग सलग पाहिलेला नाही, तेही आज 'सो मिडल क्लास' म्हणून एकमेकांना चिडवतात.

या जोडप्याचं प्रेमच मुळी या तुकड्यांवर जमलं होतं. जेवणाच्या सुट्टीत एकाच फोनवर दोघं पाहायचे. तिने एकदा कँटीनमधून सॉसच्या पुड्या उचलून पर्समध्ये टाकल्या, तेव्हा तो पहिल्यांदा तिला "मोनिशा बेटे" म्हणाला. "तेव्हा मला फार गोड वाटलं होतं," ती म्हणाली, "आणि तेच मला समजत नाहीये. माणूस तोच, नाव तेच. मग आता काऊन लागते?"

'काऊन' निघून गेलं आणि ती थबकली. माफी मागितल्यासारखी हसली. "आमचं असंच आहे बघा, गावठी." मी काहीच म्हटलं नव्हतं.

लग्नानंतर ते नाव खोलीतून बाहेर आलं. आधी दिराच्या तोंडी गेलं, मग सासूबाईंच्या, मग आत्याच्या, मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ती "येऊन राहिली" म्हणाली की जेवणाच्या टेबलावर सगळे एका सुरात "येऊन राहिली, येऊन राहिली" म्हणायचे. तिने कॅरीबॅगा घडी घालून ठेवल्या की फोटो काढून ग्रुपवर. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे हसत होते, ती पण हसत होती.

मग तिचे वडील दोन दिवसांसाठी आले. निवृत्त शिक्षक, अबोल माणूस. रात्री बाहेरून जेवण मागवलं होतं. उरलेल्या चटणीची डबी तिने झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. नवरा मायाच्या आवाजात म्हणाला, "मोनिशा, दिस इज सो मिडल क्लास!" टेबल हसलं. दिराने भर घातली, "अहो, हे यवतमाळचं ट्रेनिंग आहे." पुन्हा हसणं. वडीलही हसले.

"बाबा हसले ना, तेच मला सहन झालं नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी असताना ते सकाळीच निघाले. स्टेशनवर तिने विषय काढला, तर म्हणाले, "हासू दे ना वं त्याईले, काय होते?"

तेव्हापासून ती टेबलावर बोलेनाशी झाली. नवऱ्याने विचारलं तर "काही नाही." हे दोन महिने चाललं.

दुसऱ्या भेटीला तो आला. मोकळा, बोलका, खरोखर विनोदी माणूस. मला तो आवडला, हे लपवत नाही. त्याचं म्हणणं असं: आमच्या घरात सगळे एकमेकांची खेचतात, लहानपणापासून. परक्याला कोणी चिडवत नाही. तिला आपलं मानलं म्हणून तर चिडवतो.

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. थट्टा हा जवळिकीचा परवाना असतो. आपल्याकडे दीर-भावजय, मेव्हणा-मेव्हणी, विहिणी यांच्या थट्टेला सगळ्यांची मान्यता आहे. विहिणींना गाण्यांतून काय काय ऐकवलं जायचं ते आजीला विचारा! ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४०मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. अनेक समाजांमध्ये ठरावीक नातलगांना एकमेकांची चेष्टा करायची मुभा असते आणि समोरच्याने राग धरायचा नसतो, हे त्यांनी त्यात मांडलं. पण त्यांनी या नात्यांचे दोन प्रकार केले. एकात दोघंही एकमेकांना चिडवतात. दुसऱ्यात एक चिडवतो आणि दुसरा ते ऐकून घेतो, उलट बोलत नाही किंवा अगदी थोडं बोलतो.

आपल्या घरात यातलं कुठलं चालू आहे, हे घरातल्यांना सहसा ठाऊक नसतं. हसण्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच येतो.

म्हणून मी एक कागद दिला. घरातल्या पाच माणसांची नावं गोलात लिहायची आणि गेल्या आठवड्यात कोणी कोणाची थट्टा केली, ते आठवून बाण काढायचे. त्याने उत्साहाने सुरुवात केली. आईने त्याच्या पोटावरून एक. भावाने त्याच्या क्रिकेटवरून एक. त्याने भावाच्या केसांवरून दोन. बाबांकडे जाणारा बाण आठवेना. आईकडे एक, तोही जरा विचार करून काढलेला. मग बायकोकडे जाणारे काढायला लागला, आणि तिच्या नावाभोवती जागा उरेना. तिच्यापासून निघणारा बाण एकही नव्हता.

"ती करतच नाही ना थट्टा," तो म्हणाला.

ती शेजारीच होती. "केली होती की. गणपतीत."

गणपतीत सासूबाईंनी एकच साडी तीन वेळा बदलून आणली होती. ती म्हणाली, "आई, दुकानदाराने आता तुम्हाला पाहून शटर ओढलं असेल." मला तर चांगला जमलेला वाटला विनोद. टेबल शांत झालं. सासरे पाणी प्यायले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे मोठ्यांना असं बोलत नाहीत." दोन दिवस घर गप्प. त्यानंतर तिने पुन्हा प्रयत्न केला नाही, आणि नवऱ्याच्या ते लक्षातही नव्हतं.

विनोद कळत नाही ही तक्रार इथेच निकालात निघाली होती. तिला विनोद कळत होता, करताही येत होता. करायची परवानगी नव्हती.

त्यानंतर मी दोघांना 'साराभाई'चा कुठलाही एक भाग एकत्र बघायला सांगितला. मालिका घरपाठ म्हणून देणं ही माझी नेहमीची रीत नाही, पण या दोघांची भाषाच ती होती. अट एकच: तिने फक्त मोनिशाकडे बघायचं, आणि त्याने फक्त साहिलकडे.

तो म्हणाला, "साहिलकडे? मी तर काकांकडेच बघतो नेहमी." काका म्हणजे इंद्रवदन. मला हेच ऐकायचं होतं. घरातला प्रत्येक विनोदी पुरुष स्वतःला इंद्रवदन समजतो, आणि का समजू नये? सगळ्यांत चांगली वाक्यं त्याची आहेत. पण इंद्रवदन चिडवतो कोणाला? मुख्यतः मायाला. माया कोण? ज्या घरात तिचा शब्द चालतो त्या घराची मालकीण, इंद्रवदनला शब्दाला शब्द देणारी. ती दोघं तोडीस तोड आहेत. तो एक मारतो, ती परतवते, दोघांनाही त्यात मजा येते. म्हाताऱ्या जोडप्यांत मी हे पुष्कळ पाहिलं आहे, आणि ते निरोगी असतं.

तोच इंद्रवदन रोसेशशी जे करतो ते मात्र मला पडद्यावरही कधीकधी बघवत नाही. वडिलांच्या तोंडून सतत स्वतःची टिंगल ऐकलेली मुलं माझ्यासमोर चाळिशीत येऊन बसतात. रोसेश टिकतो, कारण घरात एक माणूस त्याच्या कवितांवर जीव टाकतो: त्याची आई. ते प्रेमही फार सुदृढ नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आणखी एक. इंद्रवदन सुनेची बाजू घेतो, हे सगळ्यांना आवडतं. पण बारकाईने बघा, बऱ्याचदा तो मोनिशाला पुढे करून मायालाच टोचत असतो. या घरातले सासरेही 'सुनेच्या बाजूचे' म्हणून ओळखले जात. "बघ, यवतमाळची पोरगी तुझ्यापेक्षा झकास पिठलं करते," असं बायकोला ऐकवायचे. टाळी सासऱ्यांना मिळायची, सासूबाईंचा राग दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सुनेवर निघायचा. अशा बाजू घेणाऱ्यांपासून सुनांनी जरा सावध राहावं, असं माझं मत आहे. ते मनाने चांगले असतात, पण त्यांचा डाव वेगळ्याच माणसाशी चाललेला असतो.

पुढच्या भेटीत त्याने विनोद न करता सुरुवात केली, ही पहिलीच वेळ. "साहिल सारखा मध्ये पडतो," तो म्हणाला. "वैतागलेला असतो, कंटाळलेला असतो, पण पडतो. आईला थांबवतो, बायकोला समजावतो. त्याच्या वाट्याला जोक येतच नाहीत." मग थोडं थांबून, "म्हणजे माझा रोल तो आहे का?"

मी म्हटलं, "घरात तुमच्या बायकोला आणणारे तुम्ही. तुमच्या आई-वडिलांची भाषाही तुम्हाला येते आणि तिचीही. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसू शकत नाही. तुम्ही इंद्रवदन व्हायला गेलात की ती खुर्ची रिकामी राहते."

तिने काय पाहिलं? तिने दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही मला सुचल्या नव्हत्या. एक, मोनिशा कितीही बोलणी खाल्ली तरी परत तशीच वागते. पुढच्या वेळीही सवलतीतलीच वस्तू आणते. "तिला मायाचं सर्टिफिकेट नकोच आहे. मी मात्र कॅरीबॅगा लपवून ठेवायला लागले." दुसरी गोष्ट: "तिचं दार वेगळं आहे." साहिल आणि मोनिशा त्याच इमारतीत, समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. माया येऊन नाकं मुरडते, पण परत जाते. मोनिशाला तिचा पसारा घालायला तिची जागा आहे. "मी कुठे जाऊ? मी तर त्याच टेबलावर बसते."

वेगळं घर घ्या, असा याचा अर्थ नाही. ठाण्यात ते सांगणं सोपं आणि करणं अवघड. पण एकत्र घरातही सुनेला एखादी अशी जागा लागते, जिथे कोणी टिप्पणी करत नाही. मग तो ओट्याचा एक कोपरा असेल, नाहीतर कपाट. त्यांनी आपल्या खोलीचं दार संध्याकाळी अर्धा तास लावून घ्यायला सुरुवात केली. यावरही घरात पहिले काही दिवस थट्टा झालीच, पण ती दोघांवर मिळून झाली, त्यामुळे त्यांना मजाच वाटली.

मालिका आणि घर यांच्यातला एक फरक मी त्यांना वेगळा सांगितला. मालिकेत पुढच्या भागात सगळे कोरे होऊन येतात. कालचं बोलणं मोनिशा बरोबर घेऊन येत नाही, कारण लेखकाने तिला ते दिलेलंच नसतं. घरातल्या माणसाकडे चटणीची डबी, शटर, वडिलांचं हसणं, सगळं साठलेलं असतं. आणि आपण ज्याला टोमणा म्हणतो तो चौथ्यांदा मारला की त्याचं वजन पहिल्या टोमण्याएवढं राहत नाही.

अमेरिकेत जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या सवयींमध्ये तुच्छतेला सर्वांत घातक मानलं आहे. टीका, स्वतःचा बचाव, अबोला हेही त्यांच्या यादीत आहेत, पण तुच्छता वरची. नक्कल, उपहास, डोळे फिरवणं ही तिचीच रूपं. तिचा त्रास असा की ती विनोदाच्या कपड्यांत येते आणि पकडली की म्हणते, मी तर गंमत करत होते.

या नवऱ्याच्या मनात तुच्छता होती का? मला तसं वाटलं नाही. पण दिराच्या 'यवतमाळचं ट्रेनिंग'मध्ये होती, आणि दार त्याने उघडून दिलं होतं.

बदल तिच्या बाजूनेही हवा होता. तिने स्वतःला 'गावठी' म्हटल्याचं वर लिहिलं आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये विनोदाच्या चार शैली मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला बोचणारा विनोद, आणि चौथा, इतरांना हसवण्यासाठी स्वतःलाच खाली पाडणारा. दुसरं कोणी मारायच्या आत आपणच मारून घ्यायचं, म्हणजे निदान हात आपला असतो. तिचा हा चौथा विनोद इतका सराईत झाला होता की घरच्यांना वाटायचं, तिला स्वतःलाच हे आवडतं. नवरा म्हणालाही, "ती तर आमच्या आधी बोलते!" तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तिला पहिलं काम दिलं: स्वतःवर हसून सुरुवात करायची नाही. 'काऊन' तोंडातून गेलं तर गेलं, पुढचं वाक्य बोलायचं. आणि दुसरं: लागलं तर त्याच दिवशी, एकटं असताना, त्याच प्रसंगाबद्दल एक वाक्य सांगायचं. 'काही नाही' म्हणून तीन दिवसांचा अबोला धरला तर समोरच्याला शिक्षा कळते, गुन्हा कळत नाही.

नवऱ्याचं काम अवघड होतं: टेबलावर दुसऱ्या कोणी थट्टा केली, तर तिथल्या तिथे काहीतरी म्हणायचं. काय म्हणायचं, यावर आमची एक अख्खी भेट गेली. "आई, असं बोलू नकोस" हे जड होतं, आणि त्यातून बायकोने कान भरले असाच अर्थ निघणार. "तिला आवडत नाही" हे तर सगळ्यांत वाईट. लगेच सगळे तिच्याकडे वळून विचारतात, "काय गं, आवडत नाही का तुला?" आणि तिला "नाही, तसं काही नाही" म्हणावं लागतं. जी मुलं आईशी भांडायला घाबरतात ती नेहमी बायकोचं नाव पुढे करतात. मी त्याला म्हटलं, वाक्यात 'मला' पाहिजे. आवडत नसेल तर तुम्हाला आवडत नाही, असं म्हणा.

पहिला प्रयत्न फसला. सासूबाईंनी 'येऊन राहिली'ची नक्कल केली, तो म्हणाला, "बास आता, मला नाही आवडत हे." त्या म्हणाल्या, "आता माझ्याच घरात बोलायची चोरी!" आणि जेवण अर्धवट टाकून उठल्या. तो हादरला. भेटीत म्हणाला, याच्यापेक्षा आधीचं बरं होतं. तिला मात्र तसं वाटलं नव्हतं. आई उठून गेल्यावरही तो शब्द मागे न घेता बसून राहिला, हे तिने पाहिलं होतं.

नंतर तो आईशी एकट्याने बोलला, रविवारी सकाळी, भाजी निवडताना. तेव्हा कळलं ते असं: त्या स्वतः रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या हेल काढून बोलण्याची नणंदांनी वर्षभर नक्कल केली होती. नावही बदललं होतं. त्यांचे यजमान, म्हणजे हेच सुनेच्या बाजूचे सासरे, तेव्हा नणंदांबरोबर हसायचे. "मी नाही का सगळं हसून घेतलं?" असं त्या म्हणाल्या. सोसलेल्या माणसाला पुढच्याने सोसलं नाही की आपलं सोसणं वाया गेल्यासारखं वाटतं. त्याने आईला विचारलं, "तेव्हा बाबा काही बोलले असते तर?" त्या उत्तर न देता भाजी घेऊन आत गेल्या. 'येऊन राहिली' मात्र त्यांच्याकडून हळूहळू कमी झालं. बंद झालं असं म्हणणार नाही.

दोघांनी मिळून काही विषय बाजूला काढले: तिचं बोलणं, माहेर, वडील, आणि चारचौघांत तिची काटकसर. बाकी सगळं मोकळं. त्याच्या पोटासकट. मोनिशा या नावाचं काय करायचं, हे मी तिच्यावर सोडलं. तिने ते रद्द केलं नाही. "आमच्या दोघांत ठेवू. ते नाव आमचं होतं, ते सगळ्यांनी घेतलं, याचा मला राग आहे." वडिलांची त्याने माफी मागावी का, यावर तो तयार होता, तिने नको म्हटलं. माफी मागितली तर त्या रात्री काहीतरी झालं होतं हे बाबांना मान्य करावं लागेल, आणि ते त्यांना जड जाईल, असं तिचं म्हणणं. वडिलांना मी ओळखत नाही, ती ओळखते, म्हणून मी आग्रह केला नाही.

हे सगळं जमलं कारण नवरा कागदावरचे बाण बघून गप्प होऊ शकला. सगळीकडे असं होत नाही. थांबवायला सांगूनही जे थांबत नाहीत, मुद्दाम लोकांसमोरच करतात, दिसणं, मूल नसणं, माहेरची परिस्थिती यांवरून पुन्हा पुन्हा लाजवतात, त्यांच्याबद्दल 'विनोद कसा घ्यावा' हा प्रश्नच चुकीचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्यात अपमान करणं, खिल्ली उडवणं, नावं ठेवणं यांचा शाब्दिक आणि भावनिक छळात स्पष्ट उल्लेख आहे. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि मनावर ताण असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची सेवा मिळते. तिथे फोन करायला मार खाल्लेला असावा लागत नाही.

हे दोघं अजून अधूनमधून येतात. तो अजूनही तिला 'थोडी हळवी' समजतो, ती त्याला 'थोडा उशिरा पेटणारा'. गेल्या भेटीत आत्याचा विषय निघाला. आत्या अजून सगळ्यांसमोर मोनिशाच म्हणतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. तो म्हणतो, वय पाहून सोडून दे, वर्षातून दोनदा तर येतात. ती म्हणते, दिवाळीत बाबा यायचे आहेत आणि आत्याही. पुढची भेट त्यांनी दिवाळीच्या आधीची मागून घेतली आहे.